यंत्रणेचा भरवसा आकड्यात कसा मांडायचा? विश्वासार्हता आणि जोखीम मोजायला शिकणाऱ्यांसाठी

"ही यंत्रणा ९९ टक्के विश्वासार्ह आहे" असं कुणी म्हटलं की लगेच विचारावं: कुठलं काम करण्यासाठी, किती वेळ आणि कुठल्या परिस्थितीत? ही तीन उत्तरं नसतील तर त्या ९९ ला काहीच अर्थ नाही. या विषयातलं गणित फार अवघड नाही. संभाव्यतेचे नियम, घातांक आणि लॉगरिदम येत असतील तर सुरुवातीचा बराचसा पल्ला गाठता येतो. कस लागतो तो आकडा सूत्रात घालण्याआधी. हा आकडा आला कुठून, त्यात काय मोजलं नाही आणि काय गृहीत धरलं, हे विचारायची सवय लागली की बाकीचं सरावाने जमतं.

आपण एकच उदाहरण घेऊन पुढे जाऊ. एका प्रक्रियेला थंड पाणी पुरवणारी यंत्रणा आहे. तिच्यात वीजपुरवठा, नियंत्रण पॅनेल, एक मुख्य झडप आणि दोन पंप आहेत, आणि दोनपैकी एक पंप चालला तरी काम भागतं. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. मात्र गणित खरं आहे, तेव्हा कागद-पेन्सिल किंवा स्प्रेडशीट जवळ ठेवा आणि प्रत्येक आकडा स्वतः काढून पाहा.

पायरी १: बिघाड म्हणजे काय, ते आधी लिहून काढा

"पंप बंद पडला" ही व्याख्या होत नाही. पंप फिरतोय पण पाणी निम्मंच येतंय, याला बिघाड म्हणायचं का? दोन मिनिटं थांबून आपोआप सुरू झाला तर? आपल्या यंत्रणेसाठी व्याख्या अशी करू: सलग १,००० तासांच्या काळात पुरवठा मिनिटाला ५०० लिटरच्या खाली जाऊन ५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ तसाच राहिला, तर यंत्रणा बिघडली.

हे वाक्य लिहायला अर्धा दिवस गेला तरी चालेल. चालवणारे, दुरुस्ती करणारे आणि डिझाइन करणारे यांच्या मनातला 'बिघाड' वेगवेगळा असतो, आणि तो एकदा कागदावर आला नाही तर पुढचा सगळा हिशोब तिघांना तीन वेगळ्या गोष्टी सांगतो. सोबत यंत्रणेची हद्दही ठरवा. पाण्याची टाकी आत की बाहेर? ऑपरेटर आत की बाहेर? जे बाहेर ठेवाल ते अहवालात तसं नमूद करा.

पायरी २: नोंदी जमवा, आणि न बिघडलेल्यांच्याही जमवा

समजा तशाच आठ पंपांच्या नोंदी हाती आहेत. पाच पंप अनुक्रमे १,९००, ३,१००, ४,२००, ५,२०० आणि ६,६०० तासांनी बिघडले. उरलेले तीन ७,००० तास चालून अजूनही चालूच आहेत.

नवशिक्या माणूस बिघडलेल्या पाचांची सरासरी काढतो: ४,२०० तास. हे साफ चुकीचं आहे, कारण सर्वांत टिकाऊ निघालेले तीन पंप त्याने हिशोबातून काढूनच टाकले. चालू असलेल्या पंपाबद्दल आपल्याला अर्धीच माहिती असते, म्हणजे त्याचं आयुष्य ७,००० तासांहून जास्त आहे एवढीच. पण ती माहितीच आहे. अशा नोंदीला सेन्सर्ड नोंद म्हणतात आणि ती फेकायची नसते.

बिघाडाचा दर स्थिर आहे असं तूर्तास धरलं तर नियम सोपा आहे: सगळ्यांचे मिळून चाललेले तास भागिले बिघाडांची संख्या. पाच पंपांचे २१,००० तास आणि तीन चालू पंपांचे २१,००० तास मिळून ४२,००० तास. भागिले ५, म्हणजे सरासरी आयुष्य ८,४०० तास. आधीच्या उत्तराच्या दुप्पट! बिघाडाचा दर झाला तासाला ०.०००११९.

न बिघडलेल्यांना वगळण्याची किंमत किती मोठी असू शकते, याचं ठळक उदाहरण म्हणजे चॅलेंजर अवकाशयान. २८ जानेवारी १९८६ च्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, इतक्या थंडीत उड्डाण करावं की नाही यावर चर्चा झाली. घन इंधनाच्या रॉकेटांच्या सांध्यांतल्या रबरी ओ-रिंगना थंडीचा त्रास होतो का, हा प्रश्न होता. पण आधीच्या उड्डाणांपैकी ज्यांत ओ-रिंगला इजा झाली होती तेवढ्यांचंच तापमान पाहिलं गेलं. त्यात स्पष्ट कल दिसत नव्हता, कारण इजा थंड दिवशीही झाली होती आणि उबदार दिवशीही. इजा न झालेली उड्डाणं शेजारी मांडली की चित्र पालटतं. सुमारे १८ अंश सेल्सिअसच्या खाली झालेल्या चारही उड्डाणांत इजा होती आणि त्यावरच्या २० उड्डाणांपैकी फक्त तिनांत. उड्डाणाच्या सकाळी तापमान गोठणबिंदूच्या आसपास होतं. सात जणांचा जीव गेला. अपघाताच्या चौकशी आयोगानेच पुढे हा मुद्दा मांडला.

म्हणून नोंदवहीत 'काय बिघडलं' या रकान्याशेजारी 'काय किती तास नीट चाललं' हा रकाना असलाच पाहिजे. बहुतेक ठिकाणी तो नसतो. तो सुरू करून घेणं हे या विषयातलं तुमचं पहिलं खरं काम समजा.

आता १,००० तास एक पंप टिकण्याची संभाव्यता काढू. दर स्थिर असेल तर ती ई या संख्येचा (उणे दर गुणिले वेळ) इतका घात असते. दर गुणिले वेळ आले ०.११९, म्हणून टिकण्याची संभाव्यता सुमारे ०.८९. इथे एक गैरसमज आत्ताच दूर करा. सरासरी आयुष्य ८,४०० तास म्हणजे बहुतेक पंप ८,४०० तास टिकतात, असं नाही. स्थिर दर असताना सरासरी आयुष्यापर्यंत फक्त ३७ टक्के घटक पोचतात. उरलेले ६३ टक्के आधीच गेलेले असतात.

आणि पाच बिघाडांवरून काढलेला हा आकडा किती पक्का? काय-वर्ग (ची-स्क्वेअर) वितरणाने ९० टक्क्यांचा विश्वास अंतराल, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादांत असावा असं ९० टक्के विश्वासाने म्हणता येतं त्या मर्यादा, काढला तर सरासरी आयुष्य अंदाजे ४,००० ते २१,३०० तासांच्या दरम्यान येतं. म्हणजे ०.८९ हा आकडा खरं तर ०.७८ ते ०.९५ मध्ये कुठेही असू शकतो. नुसतं '०.८९' लिहून मोकळं होऊ नका. अंतरालही लिहा.

पायरी ३: वय वाढलं की धोका वाढतो का, ते पाहा

या पायरीवर मी नवशिक्यांना सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगतो, कारण इथला निकाल थेट मेंटेनन्सच्या वेळापत्रकात उतरतो.

वर आपण दर स्थिर धरला. याचा अर्थ असा की ६,००० तास चाललेला पंप आणि आजच बसवलेला पंप यांना पुढच्या १,००० तासांत बिघडण्याचा धोका सारखाच. काही इलेक्ट्रॉनिक घटकांना हे बऱ्यापैकी लागू पडतं. पण बेअरिंग आणि सील असलेल्या, झिजणाऱ्या पंपाला ते लागू पडेल का?

याचं उत्तर शोधायला वायबुल वितरण वापरतात. स्वीडिश अभियंते वालोदी वायबुल यांनी १९५१ मध्ये त्यावर प्रसिद्ध केलेला निबंध आजही या क्षेत्राचा पाया मानला जातो. या वितरणात दोन आकडे असतात. एक आकार सांगणारा, ज्याला बीटा म्हणतात. दुसरा काळाची पट्टी सांगणारा, म्हणजे ईटा. ईटाइतक्या वेळात ६३.२ टक्के घटक बिघडतात. बीटा १ पेक्षा कमी असेल तर बिघाड सुरुवातीलाच जास्त होतात. यामागे बहुतेकदा उत्पादनातले किंवा जोडणीतले दोष असतात. बीटा १ असेल तर दर स्थिर. १ पेक्षा जास्त असेल तर झीज.

हाताने करायची कृती अशी. बिघाडाच्या वेळा चढत्या क्रमाने लावा. प्रत्येकाला (क्रमांक − ०.३) भागिले (एकूण संख्या + ०.४) इतका अंश द्या. एकूण संख्या पाच धरायची नाही, आठ धरायची. चालू पंपही मोजायचे. आपल्या नोंदींसाठी हे अंश येतात ०.०८३, ०.२०२, ०.३२१, ०.४४० आणि ०.५६०. आता १ मधून अंश वजा करून त्याचा नैसर्गिक लॉग घ्या, चिन्ह बदला आणि परत लॉग घ्या. हे उभ्या अक्षावर मांडा. आडव्या अक्षावर बिघाडाच्या वेळेचा लॉग. बिंदू साधारण एका रेषेत आले तर वायबुल चालेल, आणि त्या रेषेचा चढ म्हणजे बीटा. (हा सोपा क्रम इथे चालतो, कारण तिन्ही चालू पंप शेवटच्या बिघाडापेक्षा जास्त चालले आहेत. चालू पंपांचे तास मधे मधे येत असतील तर क्रमांक दुरुस्त करावे लागतात किंवा सॉफ्टवेअरची मदत घ्यावी लागते.)

आपल्या पाच बिंदूंतून बीटा सुमारे १.८ आणि ईटा सुमारे ७,१५० तास येतो. म्हणजे झीज दिसतेय. आता याच नोंदी काय सांगतात बघा. नवा पंप पहिले १,००० तास टिकण्याची संभाव्यता सुमारे ०.९७. आधीच ६,००० तास चाललेला पंप पुढचे १,००० तास टिकण्याची संभाव्यता सुमारे ०.७९. स्थिर दर धरून आपण दोघांनाही ०.८९ दिलं होतं! नव्यावर अन्याय झाला आणि जुन्यावर नको इतका भरवसा टाकला गेला.

पंप ठरावीक तासांनी बदलायचा की बिघडेपर्यंत चालवायचा, हे या बीटावर ठरतं. दर स्थिर असेल तर चालता पंप बदलून काहीच मिळत नाही. बीटा १ पेक्षा कमी असताना वेळेआधी बदलणं तर धोका वाढवणारं असतं, कारण पार पडलेला नवखेपणाचा धोकादायक काळ आपण पुन्हा ओढवून घेतो. मात्र पाच बिघाडांवरून काढलेल्या बीटालाही मोठा अंतराल असतो. १.८ हा इशारा समजा आणि पंप उघडल्यावर झिजेच्या खुणा खरंच दिसतात का, ते दुरुस्ती करणाऱ्यांना विचारा. गणित आणि उघडलेला पंप एकच गोष्ट सांगत असतील तर पुढे जा.

पुढच्या हिशोबासाठी आपण ०.८९ च ठेवू, म्हणजे आकडे हाताळायला सोपे जातील.

पायरी ४: घटकांवरून यंत्रणेपर्यंत

एकही बिघडला तर सगळं थांबतं अशा घटकांना एकसर म्हणतात. त्यांच्या विश्वासार्हतांचा गुणाकार करायचा. जोपर्यंत एक तरी चालतोय तोपर्यंत काम भागतं असे घटक समांतर असतात. तिथे बिघडण्याच्या संभाव्यतांचा गुणाकार करून तो १ मधून वजा करायचा.

१,००० तासांसाठी वीजपुरवठा ०.९९५, पॅनेल ०.९९ आणि झडप ०.९९८ धरू. या तिन्हींचा गुणाकार ०.९८३. एकच पंप असता तर यंत्रणा ०.८७५ ला अडकली असती. दोन पंप समांतर असले तर दोन्ही बिघडण्याची संभाव्यता ०.११ गुणिले ०.११, म्हणजे ०.०१२१. यंत्रणेची विश्वासार्हता ०.९७१ वर जाते. तिसरा पंप लावला तर ०.९८२. इथे दुसऱ्या पंपाने खूप दिलं, तिसऱ्याने थोडं, आणि चौथा जवळजवळ काहीच देणार नाही, कारण ०.९८३ ही उरलेल्या तीन घटकांनी घातलेली कमाल मर्यादा आहे.

(हे सगळं मधल्या काळात दुरुस्ती नाही असं धरून. दुरुस्ती होत असेल तर उपलब्धता हा वेगळा आकडा लागतो: बिघाडांमधला सरासरी काळ भागिले तो काळ अधिक दुरुस्तीचा सरासरी काळ. ८,४०० तास आणि ४८ तास असतील तर एका पंपाची उपलब्धता ०.९९४. उपलब्धता आणि विश्वासार्हता यांची सरमिसळ करू नका. वर्षातून शंभर वेळा एकेक मिनिट बंद पडणारी यंत्रणा जवळपास पूर्ण वेळ उपलब्ध असते, पण तिच्यावर विसंबून शस्त्रक्रिया करता येत नाही.)

पायरी ५: 'स्वतंत्र' हा शब्द तपासा

वर आपण ०.११ गुणिले ०.११ केलं. हा गुणाकार करायचा हक्क आपल्याला कुणी दिला? एक पंप बिघडण्याचा दुसऱ्याशी काहीही संबंध नाही, असं असेल तरच तो बरोबर आहे. आता ते दोन पंप डोळ्यांसमोर आणा. दोन्ही एकाच खोलीत, एकाच कंपनीचे, एकाच महिन्यात बसवलेले. एकाच टाकीतून तेच गढूळ पाणी ओढतात. एकाच माणसाने एकाच दिवशी दोघांना चुकीचं ग्रीस लावलं असू शकतं. खोलीत पाणी शिरलं तर दोघांच्याही मोटारी बुडतील.

१९ जुलै १९८९ ला युनायटेड एअरलाइन्सच्या फ्लाइट २३२ च्या डीसी-१० विमानात शेपटीतल्या इंजिनाची पंख्याची तबकडी फुटली. विमानाला तीन वेगवेगळ्या हायड्रॉलिक यंत्रणा होत्या. तिन्ही एकदम निकामी होणं कागदावर जवळपास अशक्य होतं. पण तिघींच्याही नळ्या शेपटीत जवळजवळ होत्या आणि उडालेल्या तुकड्यांनी तिघींमधलं तेल वाहून गेलं. वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान अमेरिकेतल्या सू सिटीच्या विमानतळापर्यंत आणलं, तरी विमानातल्या २९६ पैकी ११२ जणांचा मृत्यू झाला. जपानच्या फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रातही ११ मार्च २०११ ला त्सुनामीचं पाणी एकाच वेळी अनेक आणीबाणीच्या डिझेल जनरेटरांपर्यंत आणि विजेच्या पॅनेलांपर्यंत पोचलं. संख्या भरपूर होती, पण उंची कमी पडली.

हे हिशोबात आणायची सर्वांत साधी पद्धत म्हणजे बीटा-घटक (वायबुलचा बीटा वेगळा, नावाच्या सारखेपणाने गोंधळू नका). एका पंपाच्या बिघाडांपैकी ठरावीक हिस्सा सगळ्यांना एकदम पाडणारा असतो असं धरायचं. समजा १० टक्के. मग ०.११ पैकी ०.०११ सामाईक आणि ०.०९९ स्वतंत्र. दोन्ही पंप जाण्याची संभाव्यता ०.०९९ चा वर्ग अधिक ०.०११, म्हणजे सुमारे ०.०२१. आधी काढलेल्या ०.०१२१ च्या जवळपास पावणेदोन पट. तीन पंपांसाठी स्वतंत्र हिशोब (०.११ चा घन) ०.००१३ देतो. आता तो ०.०१२ येतो, नऊ पट. म्हणजे पैसे खर्चून तिसरा पंप घेतला आणि मिळालं काय, तर दोनच पंप देतील असं आपण आधी समजत होतो तेवढंच!

तुमच्या अहवालात जिथे जिथे दोन छोट्या संभाव्यतांचा गुणाकार आहे तिथे लाल पेनने खूण करा. प्रत्येक खुणेपाशी जागा, वीज, पाणी, हवामान, सॉफ्टवेअर, मेंटेनन्स आणि उत्पादक यांपैकी काय सामाईक आहे ते लिहा. मला हा व्यायाम कुठल्याही सूत्रापेक्षा मोलाचा वाटतो. प्रत्यक्ष जागेवर जाऊन, केबल कुठून कशी जाते ते पाहूनच तो करावा. आराखड्यात दोन वेगळ्या रेषा असतात आणि भिंतीवर त्याच दोन केबल एका ट्रेमध्ये सापडतात.

पायरी ६: फॉल्ट ट्री काढा

यंत्रणा थोडी मोठी झाली की एकसर-समांतर चौकटी पुरत नाहीत. तेव्हा उलटं चालायचं: वर नको असलेली घटना लिहायची आणि ती कशामुळे घडेल ते खाली खाली विचारत जायचं. "यांपैकी एकही पुरेसं" असेल तिथे किंवा-गेट, "सगळं एकदम व्हायला हवं" असेल तिथे आणि-गेट. ही पद्धत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅबमध्ये, मिनिटमन क्षेपणास्त्राच्या प्रक्षेपण नियंत्रणासाठी तयार झाली.

झाडातून कट सेट काढायचे, म्हणजे वरची घटना घडवायला पुरेसे असलेले सर्वांत लहान संच. आपल्या यंत्रणेत ते पाच आहेत: वीज ०.००५, पॅनेल ०.०१०, झडप ०.००२, दोन्ही पंप स्वतंत्रपणे ०.००९८ आणि पंपांचं सामाईक कारण ०.०११. संभाव्यता लहान असल्यामुळे नुसती बेरीज चालते: ०.०३७८. काटेकोर हिशोब ०.०३७४ देतो, फरक नगण्य.

या यादीकडे नीट बघा. सर्वांत वर सामाईक कारण आहे आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून पॅनेल. तिसरा पंप फक्त ०.००९८ ला हात लावतो. त्याऐवजी पंप वेगळ्या खोल्यांत नेले आणि पॅनेल सुधारलं तर दोन मोठे आकडे खाली येतात. झाड काढायचं ते यासाठी.

एक सापळा नवशिक्यांना हमखास पकडतो. समजा तुम्ही झाडात प्रत्येक पंपाखाली "वीज गेली" ही घटना वेगवेगळी काढली आणि सरळ आकडे गुणत गेलात. (०.११ + ०.००५) चा वर्ग ०.०१३२ येतो. पण वीज एकच आहे! ती गेली की दोन्ही पंप गेले. बरोबर उत्तर ०.०१२१ अधिक ०.००५, म्हणजे ०.०१७१. म्हणून आधी बीजगणित, मग आकडे. एकच घटना दोनदा आली तर तिचा स्वतःशी गुणाकार ती घटनाच असते, तिचा वर्ग नसतो.

पायरी ७: न दिसणारे बिघाड शोधा

चालता पंप बिघडला तर कळतं. आणीबाणीचा जनरेटर बिघडला तर गरज पडेपर्यंत कळत नाही. अशा घटकाची, ऐनवेळी काम न करण्याची सरासरी संभाव्यता अंदाजे दर गुणिले चाचण्यांमधला काळ भागिले २ इतकी असते. दर तासाला ०.००००२ धरा. वर्षातून एकदाच चाचणी घेतली तर ८,७६० तास, म्हणून ०.०८८. दर महिन्याला घेतली तर ०.००७३. नवीन यंत्र न घेता, फक्त चाचणीचं वेळापत्रक बदलून धोका बारा पट कमी. आयईसी ६१५०८ या सुरक्षा यंत्रणांच्या मानकाच्या पट्ट्यांत बसवायचं तर पहिला आकडा सिल (सुरक्षेची पातळी; आकडा जितका मोठा तितकी कडक) १ मध्ये पडतो आणि दुसरा सिल २ मध्ये. ती पातळी मिळवायला मात्र हा आकडा एकटा पुरत नाही; रचना आणि विकासप्रक्रियेच्या अटीही पाळाव्या लागतात. आणि चाचणी म्हणजे खरी चाचणी. जनरेटर सुरू करून लगेच बंद केला तर तो पूर्ण भार पेलेल की नाही हे कळत नाही.

पायरी ८: बिघाडाच्या नोंदीच नसतील तेव्हा

पूल किंवा दाबपात्र आठ-आठ पाडून पाहता येत नाही. तिथे ताकद आणि भार या दोघांनाही सरासरी आणि विचलन (सरासरीभोवतीचा पसारा, म्हणजे प्रमाण विचलन) असलेल्या राशी मानतात. ताकदीची सरासरी ५०० किलोन्यूटन, विचलन ४०. भाराची सरासरी ३५०, विचलन ३०. दोन्ही प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या) वितरणाच्या आणि परस्परांपासून स्वतंत्र आहेत असं धरा. सरासरींतला फरक १५०, एकत्रित विचलन (४० चा वर्ग अधिक ३० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ) ५०. भागाकार ३, हा विश्वासार्हता निर्देशांक. बिघडण्याची संभाव्यता ०.००१३५. आता दोन्ही विचलनं दुप्पट करा. निर्देशांक १.५ वर येतो आणि संभाव्यता ०.०६७ होते, जवळजवळ ५० पट. सुरक्षा गुणांक (ताकदीची सरासरी भागिले भाराची सरासरी) मात्र दोन्ही वेळा १.४३ च! नुसता सुरक्षा गुणांक पाहून समाधान मानणाऱ्यांना हे उदाहरण जरूर दाखवा. तुलनेसाठी, युरोपीय मानक ईएन १९९० मध्ये सर्वसाधारण इमारतींच्या वर्गासाठी ५० वर्षांच्या काळात ३.८ हा निर्देशांक अपेक्षित आहे.

आणि चाचण्यांत एकही बिघाड झाला नाही तर? तेव्हा बिघाडाची संभाव्यता शून्य लिहायची नाही. ९५ टक्के विश्वासाने ती जास्तीत जास्त सुमारे ३ भागिले चाचण्यांची संख्या असते. ९५ टक्के विश्वासाने ९० टक्के विश्वासार्हता सिद्ध करायला एकही बिघाड न होता २९ चाचण्या लागतात. ९९ टक्के सिद्ध करायला २९९.

पायरी ९: संभाव्यतेवरून जोखमीकडे

स्टॅनली कॅप्लन आणि जॉन गॅरिक यांनी १९८१ मध्ये जोखमीची मांडणी तीन प्रश्नांत केली: काय बिघडू शकतं, ते घडण्याची शक्यता किती, आणि घडलं तर परिणाम काय? उत्तरांचा तक्ता करा. प्रत्येक ओळीत एक प्रसंग, त्याची वारंवारता आणि परिणाम. प्रसंग सुचत नसतील तर इव्हेंट ट्री काढा: वीज गेली, मग जनरेटर सुरू झाला का, नसेल तर ऑपरेटरने वेळेत प्रक्रिया थांबवली का, असं एकेका फांदीने.

शेवटी सगळ्याचा एकच आकडा करण्याचा मोह होतो. वारंवारता गुणिले नुकसान. पण वर्षाला एकदा होणारं छोटं नुकसान आणि हजार वर्षांत एकदा होणारा, हजारपट मोठा अपघात यांचा गुणाकार सारखाच येतो. त्यांना सारखं मानता येत नाही. एफएमईएमधल्या (प्रत्येक घटक कसा बिघडेल आणि त्याचा परिणाम काय, याच्या तक्त्यातल्या) १ ते १० च्या गुणांच्या गुणाकाराबाबत तर मी स्पष्ट सांगेन: तीव्रता ९, वारंवारता २, शोध (बिघाड वेळेत सापडणं किती अवघड) ५ याचेही ९० होतात आणि ३, ५, ६ चेही ९०. पहिल्यात माणूस दगावू शकतो. हे गुण म्हणजे नुसते क्रम आहेत, त्यांना गुणून मिळालेल्या संख्येवर प्राधान्य ठरवू नका. तीव्रता आधी पाहा.

चॅलेंजरच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी नोंदवलं की यान गमावण्याची शक्यता व्यवस्थापन १ लाखात १ सांगत होतं आणि काम करणारे अभियंते १०० त १ च्या जवळपास. स्पेस शटलचा कार्यक्रम संपला तेव्हा १३५ मोहिमांत दोन यानं गेली होती, म्हणजे साधारण ६७ त १. तुमच्या तक्त्यात फार छोटा आकडा दिसला की तो किती उड्डाणांच्या, किती तासांच्या अनुभवावर उभा आहे, हे विचारा.

पायरी १०: अनिश्चितता पुढे न्या आणि अहवाल लिहा

पायरी २ मधला अंतराल शेवटच्या आकड्यापर्यंत नेण्यासाठी माँटे कार्लो वापरा. प्रत्येक घटकाचा दर त्याच्या अंतरालातून यादृच्छिक उचलायचा, यंत्रणेचा हिशोब करायचा, आणि हे हजारो वेळा. पायथॉनमध्ये सायपाय आणि लाइफलाइन्स, आरमध्ये सर्व्हायव्हल ही पॅकेजं यातलं बरंचसं काम करतात. एक पथ्य पाळा. १०,००० त १ इतकी दुर्मिळ घटना १ लाख फेऱ्यांत साधारण १० वेळाच दिसते, म्हणून उत्तरात ३० टक्क्यांच्या आसपास चूक राहते. १० टक्क्यांपर्यंत यायला १० लाख फेऱ्या लागतात.

अहवालात बिघाडाची व्याख्या, यंत्रणेची हद्द, नोंदींचा स्रोत, चालू घटक कसे मोजले, कुठे स्वतंत्र धरलं आणि का, कट सेटची क्रमवारी, आणि आकड्यांसोबत अंतराल द्या. स्वतंत्र धरलेल्या जागांची यादी परिशिष्टात ढकलू नका. ती पहिल्या पानावर हवी, कारण निर्णय घेणारा माणूस बहुतेकदा तेवढंच पान वाचतो.

आणि नोंदी पुढेही चालू ठेवा. पंप आणखी १८,००० तास चालले आणि त्यात दोन बिघाड झाले, तर नवा दर सात भागिले ६०,००० तास, म्हणजे तासाला ०.०००११७. दर फारसा हलला नाही, पण अंतराल आवळला. हलला असता तर आधी पंपांकडे बघा: पाणी बदललं का, सील दुसऱ्या बनावटीचे आले का? त्याची तारीख नोंदवहीत घाला आणि त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे तास वेगवेगळे मोजा.